एका दावणीच्या दोघी

संभाजीनगरच्या हिमानीनं चार वर्षं खपून म्हशींसाठी नवा खुराक तयार केला. तो तपासायला वैजापूरजवळच्या द्वारकाबाईंच्या दोन म्हशी तिनं निवडल्या. चंद्रीला खुराक द्यायचा, मोरणीला मात्र नेहमीचा कडबा न् पेंडच, म्हणजे दोघींच्या दुधातला फरक कळेल, हे तिनं तीनदा समजावलं. द्वारकाबाई तीनदा "व्हय व्हय" म्हणाल्या.

तीन महिन्यांनी दूध मोजलं, तर दोघींचंही सव्वा-सव्वा लिटरनं वाढलेलं! म्हणजे खुराकाचा गुण शून्य. हिमानी ओट्यावर मटकन बसली.

तिचं उतरलेलं तोंड बघून द्वारकाबाईंनी चहा टाकला, शेंगदाण्याचे लाडू काढले. हिमानीपुढं दोन ठेवले, शेजारी बसलेल्या तिच्या गाडीच्या ड्रायव्हरपुढंही दोन. त्या चार लाडवांकडं बघता बघता हिमानीच्या मनात पाल चुकचुकली.

"मावशी, खरं सांगा. मोरणीला खुराक दिला नाही ना?"

 

"रोज दोघींस्नी निम्मा-निम्मा घातला बघा. अवं मॅडम, एका दावणीला बांधून एकीला जेवू घालायचं न् दुसरीला तिच्या ताटाकडं बघत बसवायचं, हे पाप कुठं फेडू मी?"