भर दुपारचं मायनस

खोडदच्या भगवंतआबांनी घरावर सोलर बसवला आणि बॅटरीच्या मीटरसमोर खुर्ची टाकून राखण सुरू केली. भर दुपारी मीटरनं मायनस आठ दाखवलं. “उज्ज्वला, शिलाई मशीन थांबव, बॅटरी रिकामी व्हतीय!” सुनेनं मशीन थांबवलं, तर मायनस दहा झालं. “बंद असूनबी ओढतंय. लई हावरं हाय.” लग्नाचे ब्लाउज संध्याकाळी द्यायचे होते. उज्ज्वला म्हणाली, “आबा, बॅटरीच्या वायरला मीटरचा चिमटा लावलाय, त्यावर बाण हाय. करंट बाणाच्या उलट गेला की मायनस दिसतं. चिमटाच उलटा बसलाय, बॅटरी भरतीय.” “मायनस आमच्या शाळेतबी व्हतं. त्याला वजाच म्हणायचे,” म्हणत आबा पाणी प्यायला उठले. तिनं चिमटा फिरवून लावला आणि मशीन सुरू केलं. आबा परतले तर मीटरवर प्लस आठ. ते मशीनकडे बघत राहिले. “पोरी, थांबू नको. तुझ्या मशीननं बॅटरी भरतीय.”