हातभर उंच

मिरवणूक चर्चपाशी परत आली आणि तळघराच्या दारात अडली. मरियामातेचं नवं मखर दाराच्या चौकटीपेक्षा चांगलं हातभर उंच निघालं.

पुढच्या दांड्याखाली कारखान्यातला भट्टीवाला होता. त्याने गुडघे वाकवले, मागच्यांनीही वाकवले, तरी मखराचा कळस चौकटीला आपटलाच. कोणीतरी फिदीफिदी हसलं. बँड वाजायचा थांबला आणि रस्ताभर पसरलेली माणसं टाचा उंचावून पुढे पाहू लागली.

"मिस्त्री, दार असतं हे विसरलात की काय?" भट्टीवाला म्हणाला.

मखर सुताराने केलेलं. कारखान्यात तो यंत्रं पाठवायच्या पेट्या बनवायचा आणि त्याच्या कामाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. आता मात्र त्याच्यासारखीच पोटासाठी या शहरात आलेली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याचे कान लाल झाले होते.

वरच्या मोठ्या दाराच्या पायऱ्यांवर जुनी मंडळी उभी होती. तीही बाहेरूनच आलेली, पण दोन पिढ्या आधी, म्हणून चर्च त्यांचं. त्यांची मिस्सा वर, रंगीत काचांच्या उजेडात. यांची खाली, बॉयलरच्या शेजारी, जिथे प्रवचन चालू असताना डोक्यावर पाइप गुरगुरतात. यांनी आपल्यासोबत आणलेली मातासुद्धा खालीच. वर्षातून एक दिवस उन्हात यायची, की पुन्हा खाली. कोणी कोणाला हाकललं नव्हतं. अगदी गोड बोलून खाली बसवलं होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं.

फादर लगबगीने आले. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळ्यांना सांभाळून घ्यायची त्यांना खोड होती.

"मखर काढून ठेवा, मूर्ती तेवढी आत घ्या."

"निघत नाही, फादर," सुतार म्हणाला. "सकाळी मूर्ती बाहेर आणली, मग ती बसवूनच सांधे जुळवलेत."

"मग जरा आडवं करा."

"आडवं?" सुताराची बायको गर्दीतून पुढे आली. गिरणीत मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय झालेली बाई. तिचा शब्द पार वरच्या पायरीपर्यंत गेला. "आमच्यात आडवं फक्त मेलेल्याला नेतात, फादर. आई जिवंत आहे."

पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. फादरांनी घाम पुसला. मग सुताराच्या खांद्यावर हात ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, माप चुकलं. होतं असं कधी कधी. तेवढं म्हणा, पुढचं मी बघतो. वरच्यांची समजूत घालतो, आजची रात्र मूर्ती वर ठेवू. उद्या वरचं लाकूड कापा आणि खाली आणा."

वाट सोपी होती. एकदा 'चुकलं' म्हटलं की दांड्याखालचे खांदे मोकळे, फादर खूश, आणि आईच्या डोक्यावर एका रात्रीपुरतं का होईना, चांगलं छत. सुताराने बायकोकडे पाहिलं. तिने नजर वळवली. हे त्याचं त्यालाच बोलायचं होतं.

"चुकलं नाही, फादर." सुतार म्हणाला. "आधी दार मोजलं, मग मखर केलं. या दारातून आत जाऊ नये म्हणूनच एवढं केलंय."

भट्टीवाल्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि वाकवलेले गुडघे सरळ केले. मागच्यांनीही केले. कोणी हसलं नाही.

"तुम्ही मला आधी सांगायचं तरी," फादर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"मोठं दारही मोजलंय," सुतार म्हणाला. "त्यातून आरामात जातं."

"कायमचं वर ठेवणं माझ्या एकट्याच्या हातात आहे का? विश्वस्तांना विचारावं लागेल. बैठक बोलवावी लागेल."

"बोलवा की," सुताराची बायको म्हणाली आणि बँडवाल्यांकडे वळली. "वाजवा हो. आणखी एक फेरी."

ढोल घुमला. मखर जागच्या जागी वळलं आणि मोठ्या दारासमोरून, पायऱ्यांना जवळजवळ घासून, रस्त्याला लागलं. वरच्या पायरीवरच्या एका म्हातारीने नकळत क्रूसाची खूण केली. तिच्या सुनेने तिचा हात खाली दाबला, तर म्हातारीने तो झटकून खूण पुरी केली.

भट्टीवाल्याला बाजूला करून सुतार स्वतः दांड्याखाली शिरला. लाकूड जड होतं. आपणच जरा जास्त घातलं, हे त्याला आता कळत होतं, आणि तरी त्याला बरं वाटत होतं.

फादर झगा सावरत त्याच्या बाजूने चालू लागले. "अहो, अंधार पडेल. असे फिरणार तरी किती वेळ? माणसं आहात, दमाल."

"तिन्ही पाळ्यांची माणसं आहेत आमच्यात, फादर," सुतार समोर बघत म्हणाला. "एक पाळी दमली की दुसरी येईल. तुम्ही बैठक सावकाश होऊ द्या."