पाट्या वर

एकोणतिसावं पाकीट फोडलं आणि बाईंचा हात थबकला. आत छापील स्वाध्याय नव्हताच. नुसते चार कागद, प्रश्नांसकट हाताने लिहून काढलेले.

दोन बाकांपलीकडून नव्या बाईंनी मान उंचावली. "हे काही मुलीचं अक्षर नाही. आई बसलीय लिहायला. कोरं धरा."

"कोरं धरलं तर तिसरं होईल."

"मग होऊ दे की. नियम काय माझ्या माहेरचा आहे?"

नियम कचेरीचा होता. साथीमुळे शाळा बंद, वर्ग फोनवर. ज्या घरातला एकुलता एक फोन दिवसभर कामावर जाई, त्या मुलांसाठी फाटकाशी पत्र्याची पेटी ठेवलेली. सोमवारी स्वाध्याय न्यायचा, गुरुवारी सोडवून पेटीत टाकायचा. लागोपाठ तीन पाकिटं कोरी आली की मूल शाळेतून गळालं असं समजून पटावरचं नाव काढायचं. या मुलीची आधीची दोन तापात गेली होती. यादी आज चारला जायची होती.

बाई कागद निरखत राहिल्या. समासाला रेघ नव्हती. कागद डावीकडे एक बोट दुमडून त्यावर नखाने घडी मारलेली. अर्ध्या वर्गाकडे पट्टी नसायची, तेव्हा बाईंनीच काढलेली ही युक्ती. आता छापील कागदांवर समास आयता येतो, घडी कोण मारतंय?

"ही पेन्सिलखाऊची मुलगी," त्या म्हणाल्या.

"कुणाची?"

"हिची आई माझ्याच वर्गात होती. पाटीवरची पेन्सिल लिहून कमी आणि खाऊन जास्त संपायची." बाईंनी फोन उचलला.

पलीकडे कपडे धुण्याची यंत्रं घरघरत होती. पेन्सिलखाऊ इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. "बाई? पोचलं ना पाकीट?"

"पोचलं. पण कुणाचं पोचलं, ते सांग."

"अगं बाई गं! म्हणजे तिचं फळीवरच राहिलं. गुरुवारी सकाळच्या घाईत हाताला लागलं ते उचललं मी."

"आणि हे कुणाचं?"

"माझं." आवाज एकदम लहान झाला. "तिचं झालं की मी पण सोडवते. छापील कागद तिचा, म्हणून आधी प्रश्न उतरवून घेते. चौथीतले शेवटचे धडे माझे राहिले होते ना, बाई. शाळाच सुटली मध्ये. तुम्ही हसाल."

"हसेन नाहीतर कान धरीन. आधी घरी पळ आणि मुलीचं पाकीट घेऊन ये. चारच्या आत."

नव्या बाई ऐकत होत्या. "पण आलेलं पाकीट तीन दिवस बंद खोलीत ठेवायचं असतं. आज आलेलं आज कसं तपासणार?"

"हात लावला तर ना!" बाई म्हणाल्या आणि तोंडावरची पट्टी सारखी करून फाटकाकडे निघाल्या.

मैदानात गुडघाभर गवत माजलं होतं. बाईंच्या इतक्या वर्षांत तिथे गवताचं पातं टिकलं नव्हतं. पोरांचे पाय उगवूच द्यायचे नाहीत.

साडेतीनला पेन्सिलखाऊ धापा टाकत आली. तोंडावर पट्टी, कपाळावर घाम, पाण्यात राहून सुरकुतलेली बोटं. फाटकाच्या गजांमधून तिने पाकीट पुढे केलं. बाई दोन हात मागे सरल्या.

"पाट्या वर," त्या म्हणाल्या.

पेन्सिलखाऊचे डोळे हसले. तिने पहिला कागद काढला आणि दोन्ही हातांनी थेट तोंडासमोर धरला, कोपरं ताठ.

पूर्वी गणित झालं की बाई असंच म्हणायच्या आणि चाळीस पाट्या एकदम वर जायच्या. एकही चेहरा दिसायचा नाही, नुसती पाट्यांच्या कडांवरची बोटं. बाई बोटांवरून पोर ओळखायच्या. कुणाच्या बोटाला शाई, कुणाच्या नखात माती. एका पोरीच्या बोटांवर कायम चावलेल्या पेन्सिलीची पांढरी भुकटी.

कागद बदलत गेले. बाईंचा चष्मा वाफेने धूसर व्हायचा, पुसून त्या पुन्हा वाचायच्या. नव्या बाईही मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हो, हे तिचंच," त्या म्हणाल्या. "तिरपं अक्षर, आणि सात आठे चोपन्न."

"सांगितलं होतं मी तिला!" कागदामागून आवाज आला. "म्हटलं छप्पन्न, छप्पन्न. ऐकेल तर शपथ."

"पाटी वर असताना बोलायचं नाही," बाई म्हणाल्या.

नव्या बाईंना हसू आवरेना. "लिहिते, स्वाध्याय मिळाला. नाव राहतंय पटावर," म्हणत त्या यादी पुरी करायला आत गेल्या.

फाटकाशी दोघीच उरल्या. शेवटचा कागदही वाचून झाला होता.

"आणि माझं, बाई?" कागदामागून हळूच विचारणं झालं.

"एकही चूक नाही. समाससुद्धा सरळ."

कागद जरासा हलला. पण हात खाली आले नाहीत. बाईंच्या वर्गात सांगितल्याशिवाय पाटी खाली घ्यायची नाही, अशी शिस्त होती.

बाई त्या बोटांकडे बघत उभ्या होत्या. 'खाली' असं त्यांनी अजून म्हटलं नव्हतं.