साडेदहाची वेळ

"आडव्या माणसाचं माप उभ्यापेक्षा बोटभर जास्त भरतं. ते धरलंयस ना?" मास्तरांनी विचारलं.

सुतार तीस वर्षं शवपेट्या करत होता. आजवर एकाही गिऱ्हाइकानं त्याला धंदा शिकवला नव्हता. पण मास्तर अजून जिवंत होते. डॉक्टरांनी दोन-तीन दिवस सांगितले होते, आणि त्यातला एक ते स्वतःच्या पेटीच्या मापात घालवत होते. उशाशी घड्याळ, छातीवर कागद. कागदावर स्वतःच्याच अंत्यविधीचा कार्यक्रम, मिनिटांसकट. पहिलं गीत चार मिनिटं, तीनच कडवी. मग पाळकसाहेबांनी क्षमेवर बोलायचं, आठ मिनिटं. आठाची नऊ झाली तर मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर करायचा, असंही खाली लिहून ठेवलं होतं.

चर्चमध्ये वर्षाच्या पहिल्या रविवारी बोलायचा मान मास्तरांचाच. विषय ठरलेला. आयुष्य थोडं आहे, देवानं दिलेला क्षण नि क्षण सत्कारणी लावा, त्याचा जाब एक दिवस द्यायचाय. बोलताना घड्याळ समोर काढून ठेवायचे. लोक माना डोलवायचे. सुतारही इतकी वर्षं डोलवत आला होता, आणि आज त्याला त्याची लाज वाटत होती.

कारण बाहेर बाकावर मास्तरांचा धाकटा भाऊ सकाळी सातपासून बसला होता. दादाचं काही खरं नाही असं कळल्यावर मिळेल ती गाडी पकडून आलेला. सूनबाईंनी आत येऊन सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले होते, बसू दे, मी कामात आहे. काम म्हणजे हे. लाकूड कुठलं आणि कड्या किती.

सतरा वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला या धाकट्याची गाडी चुकली होती. दहा मिनिटं थांबू या, सगळेच म्हणत होते. मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, वेळ झाली, ठोक. झाकण याच सुतारानं ठोकलं. शेवटचा खिळा बसतोय तोवर धाकटा फाटकातून धावत आत आला. आईचं तोंड काही त्याला दिसलं नाही. वर अबोला कुणी धरला, तर मास्तरांनी. उशीर केला म्हणून.

"टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागेल," सुतार म्हणाला. लागत नव्हता. आजवर शेकडो मापं त्यानं एकट्यानं घेतली होती. पण तो दाराशी गेला आणि त्यानं धाकट्याला हाक मारली.

साठीचा माणूस, पण चपला बाहेर काढून शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा आत आला. वाकून त्यानं टेपचं टोक दादाच्या टाचेला लावलं आणि दुसऱ्या हातानं पाऊल धरलं. माप घेऊन झालं तरी त्यानं ते सोडलं नाही.

"दादा," तो म्हणाला, "थोडं बोलायचं होतं."

मास्तरांनी पाय ओढून घेतला नाही. सुताराला वाटलं, चला, देव पावला. मास्तरांनी कागद उचलला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि भावाकडे न बघता सुताराला म्हणाले, "त्याला म्हणावं, उद्या साडेदहा. पाच मिनिटं. आणि तू दहाला पेटी दाखवायला ये." मग तसं लिहूनही टाकलं.

ओठावर आलेली शिवी सुतारानं गिळली. हा माणूस देवाच्या दारात उभा, आणि भावाला तारखा देतोय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, यांची तर मेल्यावरही जायची नव्हती, तसा लेखी बंदोबस्तच होता. धाकटा मात्र फाटकाशी येईपर्यंत हसत होता. पाच मिनिटं पुष्कळ झाली म्हणाला. एवढी दादानं सतरा वर्षांत दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर साडेआठलाच गेले. कागदावर तेवढं एकच लिहायचं राहिलं होतं.

सुतार ठरल्याप्रमाणे दहाला पेटी घेऊन आला. चौघांनी मास्तरांना आत ठेवलं. माप बोटभरही चुकलं नव्हतं. घ्या, क्षण सत्कारणी लागला, सुतार मनात म्हणाला. सूनबाईंनी कार्यक्रमाचा कागद भिंतीला लावून ठेवला होता. साडेदहासमोर धाकट्याचं नाव होतं, आणि त्याच्याखाली रेघ.

झाकण लावायच्या आधी सुतार बाहेर डोकावला. धाकटा बाकावर बसला होता. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. फाटकाशी जमलेल्या लोकांनी त्याला सांगितलं होतं, ते त्याच्या डोळ्यांवरून कळतच होतं. सुतार त्याला म्हणाला, बसलाय काय असे, आत चला.

धाकट्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"अजून पाच मिनिटं आहेत," तो म्हणाला. "वेळेआधी गेलेलं दादाला चालायचं नाही."

सुताराच्या हातात हातोडा होता. तो त्यानं खाली ठेवला आणि बाकावर त्याच्या शेजारी बसला.