द्वारकाबाई डॉक्टर बदलतात

“ह्या सहाव्या डॉक्टर,” द्वारकाबाई काउंटरवरच्या निशाला म्हणाल्या. आवाज असा, की हॉलमधल्या दहा-बारा बायकांना सुनेची सगळी हकीकत बसल्या जागी मिळावी. “पयली पोरगी झाली त्याला पाच वर्षं झाली. तिथून पुढं काय नाय. देवधर्म झालं, दवाखानं झालं. ही आपली हाय तशीच.”

सून सायली मागं उभी होती. तिला या बोलण्याची सवय झाली असावी, कारण ती भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होती.

पंख्याखालची खुर्ची सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी धरली होती. गंगापूरजवळ चाळीस एकर ऊस, एकुलता एक मुलगा, आणि आता नातू पाहिजे. नातीला ते मोजत नसत. मुलगा इंद्रजीत वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता. तो इथं असता तरी बोलला नसता. वडिलांसमोर त्याचं तोंड फक्त जेवायला उघडत असे.

आप्पासाहेबांचा कायदा साधा होता. निशानं फॉर्म भरताना काही विचारलं नाही, तरी त्यांनी तो ऐकवला.

“उपचार चालू हाय तवर मी गप हाय. ज्या दिवशी डॉक्टर म्हणंल आता उपयोग नाय, त्या दिवशी हिला माहेरी धाडायची आन् पोराचं दुसरं बघायचं.”

माहेर लासूर स्टेशनला. आईवडील नाहीत, भावाच्या दोन खोल्या, त्यात त्याची चार माणसं. तिथं सायली कुठं मावणार, याचा विचार आप्पासाहेबांच्या कायद्यात नव्हता.

द्वारकाबाईंनी मात्र उपचारांत कसूर केली नव्हती. लासूरचा वैद्य झाला, गंगापूरचे दोन डॉक्टर झाले, शहरातले दोन. पाचही पुरुष. कुठंच तीन-चार खेपांपलीकडं त्यांचं जमलं नाही. सोनोग्राफीचं नाव निघालं की त्या उठल्याच. “नाडी बघून कळंना, तो डॉक्टर कशाचा?” असं म्हणत पुढचा दवाखाना शोधायला लागायच्या. गोळ्या त्या स्वतः आणत आणि जेवणानंतर स्वतःच्या हातानं सुनेला देत. वस्तीवरच्या बायका म्हणत, म्हातारी जिभेची तिखट आहे, पण नातवासाठी जिवाचं रान करते.

निशानं नाव पुकारलं. आप्पासाहेब जागचे हलले नाहीत. बायकांच्या दवाखान्यात पुरुषानं आत जायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. आत सासूनं जायचं आणि बाहेर येऊन सांगायचं.

डॉक्टर मंजुषांनी फाईल चाळली. फाईल जाड होती, पण बाळंतपणाचा एकही कागद तिच्यात नव्हता.

“पहिलं बाळंतपण कसं झालं होतं?”

दार अर्धं उघडं होतं. “झालं की, चारचौघींसारखं,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“सोनोग्राफी केल्याशिवाय मी एकही गोळी देणार नाही.”

मंजुषा वादाच्या तयारीत होत्या. अशा सासवा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. द्वारकाबाईंनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा डॉक्टरांकडं.

“करा,” त्या म्हणाल्या.

मंजुषांनी पडदा ओढला आणि सायलीला टेबलावर झोपवलं. मशीनवर गर्भाशय दिसलं आणि त्याच्या आत एक ठळक पांढरी रेघ. मंजुषांनी पुन्हा नीट पाहिलं. शंका नव्हती. आत तांबी होती.

त्यांचं डोकंच फिरलं. आवाज त्यांनी कसाबसा खाली ठेवला.

“आजी, हिच्या पोटात तांबी बसवलेली आहे. ती असताना दिवस राहतीलच कसे? पाच वर्षं या पोरीला बोल लावताय, दवाखाने पालथे घालताय. सायली, तुला माहीत होतं हे?”

सायलीनं सासूकडं पाहिलं. परवानगी असल्याशिवाय हिला श्वासही घेता येत नसेल, असं मंजुषांना वाटलं आणि त्या आणखी चिडल्या.

“तुमच्या मालकांना आत बोलवा. रिवाज राहू द्या बाजूला. हिच्यात काही दोष नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. तांबी आत्ता काढते. दोन-चार महिन्यांत गोड बातमी कळेल.”

द्वारकाबाई उठल्या. आता या सातवा डॉक्टर शोधणार, असं मंजुषांना वाटलं. त्या दारापाशी गेल्या, दार पुरतं लावलं आणि कडी घातली. मग कमरेचा बटवा सोडून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

कागद सरकारी दवाखान्याचा होता, घड्यांवर झिजलेला. बाळंतपणात पेशंटचं हृदय फार कमकुवत झालं आहे. पुन्हा दिवस गेले तर जिवाला धोका. खाली तांबी बसवल्याची तारीख, येत्या सोमवारी बरोबर पाच वर्षं होणारी. संमतीची सही सायलीची. साक्षीदाराच्या जागी निळ्या शाईचा अंगठा.

मंजुषांनी मान वर केली. द्वारकाबाईंनी सुनेच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

“अंगठा माझाच हाय,” त्या म्हणाल्या. हॉलमधला तो आवाज आता कुठंच नव्हता. “ही पाच वर्षांवाली होती, सोमवारी मुदत सरती. आता दहावाली बसवा. आन् भाईर तुम्ही काय बोलू नका, बाई. भाईरचं मी बोलते.”