तालमीचा माणूस

फक्रुद्दीनभाई हुपरीच्या बसमध्ये चढले, तेव्हा त्यांच्या पिशवीतून बुटाची एक निळी नाडी बाहेर लोंबत होती. समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेल्या गुंडूने ती तत्काळ ओळखली. ती राजवर्धनच्या बुटाची नाडी होती.

राजवर्धन हा वाघजाई तालमीच्या फुटबॉल संघाचा आघाडीचा खेळाडू. तो आठ दिवसांपासून बेपत्ता होता. हंगामाची खेळाडू नोंदणी दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता बंद होणार होती. संघाचे मॅनेजर फक्रुद्दीनभाई यांना कोणीही विचारले, तरी एकच उत्तर मिळे, "हाय की. येईल."

"ह्यो फक्रूभाई परवा रणझुंजार मंडळाच्या दारात उभा हुता," टपरीवाला हंबीरराव म्हणाला. "मंगळवार पेठेत. ह्या डोळ्यांनी बघितलंय."

रणझुंजार म्हणजे वाघजाईचा हाडवैरी संघ. गुंडूने कप खाली ठेवला.

"तिथं काय काम त्याचं?"

"पोरगं त्यांच्या गळ्यात बांधायचं, दुसरं काय? गुंड्या, यंदाबी तुझ्या पायाला चप्पल लागत न्हाय बघ. चपलांच्या गावात अनवाणी मरणार तू."

गुंडू दूधवाला तीन वर्षांपासून अनवाणी चालत होता. अंतिम सामना हरल्याच्या दिवशी त्याने तालमीतल्या मारुतीसमोर शपथ घेतली होती की, चषक पेठेत आल्यावाचून पायात वहाण घालणार नाही. उन्हाळ्यात डांबर तापले की त्याचे तळवे भाजत, परंतु त्याने कधी तक्रार केली नाही. राजवर्धनवाचून चषक येणे अशक्य आहे, हे तो पूर्णपणे जाणून होता.

फक्रुद्दीनभाईंची बहीण ताजबी हुपरीला दिली होती, हे अख्ख्या तालमीला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडूने दुधाची किटली उतरवून ठेवली आणि गाडीला किक मारली.

ताजबी अंगणात बसून पैंजणाला घुंगरू जोडत होती. तिने मान वर केली.

"कोण पावणं?"

"वाघजाई तालमीचा गुंडू. राजूला न्यायला आलोय. फक्रूभाईनंच पाठवलंय."

गुंडूने आयुष्यात दुधात कधी पाणी घातले नव्हते. परंतु त्या क्षणी त्याने निःसंकोच असत्य भाषण केले. ताजबीने त्याच्या मुखाकडे नव्हे, तर पायांकडे पाहिले.

"अनवाणी हाईस, म्हंजे तूच. न्हाईतर सोडला नसता. तालमीच्या माणसाबिगर कुणाच्या हातात द्यायचा न्हाय, असं बजावलंय भाईनं."

कोणत्या तालमीच्या, हा प्रश्न गुंडूच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला.

राजवर्धन बॅग घेऊन तत्परतेने बाहेर आला. गाव मागे पडेपर्यंत तो सारखा मागे वळून पाहत होता.

"मामा, चाचांनी माझा फोनबी काढून घेतलाय," तो मग म्हणाला. "कुणाशी बोलू देत न्हाईत. तुम्हीच मला माझ्या टीमपर्यंत पोचवा."

गुंडूचे डोळे पाणावले. "पोचवतो की रं! मी सांगत हुतो सगळ्यास्नी, ह्या फक्र्याच्या पोटात काळं हाय म्हणून."

"मामा, तुमचा फोन द्या जरा. आईला कळवतो."

गुंडूने गाडी थांबवून फोन दिला. राजवर्धन एवढेच बोलला, "आई, सुटलो. पाचच्या आत पोचतो. पेढं आणून ठेव."

राजारामपुरीत त्याने पुन्हा गाडी थांबवायला लावली. नोंदणीच्या फॉर्मसाठी फोटो काढायचे होते. पंधरा मिनिटे गेली. गुंडू उन्हात एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभा राहिला. आपल्या खेळाडूसाठी एवढे सोसणे त्याला मुळीच जड गेले नाही.

नोंदणी कचेरीपाशी ते पोचले, तेव्हा पाचाला वीस मिनिटे कमी होती. दोन्ही संघांचे समर्थक ढोल घेऊन जमले होते.

"मामा, तुम्ही गाडी लावा. मी हुतो पुढं," असे म्हणून राजवर्धन गर्दीत शिरला.

गाडी लावून गुंडू आला, तो पायऱ्यांवर फक्रुद्दीनभाई उभे. चोरी पकडली गेल्यावर मनुष्याचा चेहरा कसा काळवंडतो, हे पाहण्यासाठी गुंडू त्यांच्या समोर जाऊन थांबला. परंतु तो चेहरा उजळला.

"आलास व्हय बाबा!" फक्रुद्दीनभाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "ताजबीचा फोन आलता. तालमीचा माणूस घेऊन गेला म्हणली, तवा काळीजच हललं माझं. मग म्हणली, अनवाणी हुता. म्हणलं, गुंडू हाय, आता काळजी न्हाय. परवा रणझुंजारच्या दारात जाऊन दम देऊन आलतो, पोराच्या मागं लागू नगा म्हणून. चल, कुठाय पोरगं? त्याची सही तेवढी राहिलीया."

त्यांनी काखेतली फाइल उघडली. वाघजाई तालमीचा नोंदणी फॉर्म सुवाच्य अक्षरांत भरलेला होता. त्यावर राजवर्धनचा फोटो चिकटवलेला होता. खाली मॅनेजरची सही होती.

"त्यो आत गेला की," गुंडू म्हणाला. त्याने कचेरीच्या दाराकडे बोट केले. "फॉर्म भरतोय."

"कुठला फॉर्म? फॉर्म तर माझ्या हातात हाय."

कचेरीच्या दारापाशी ढोलाचा एकच कल्लोळ उठला. त्याच क्षणी गुंडूच्या खिशातला फोन वाजला. दुपारी राजवर्धनने लावलेला, त्याच्या आईचा नंबर होता तो. गुंडूने फोन कानाला लावला. पलीकडून एका पुरुषाचा भरदार आवाज आला.

"रणझुंजारमधनं बोलतोय, पावणं. लई उपकार झालं. आत या, पेढं खाऊन जावा."