सिंहहास्य

साहेबांवरून भांडण झालं आणि आमच्या हास्यक्लबाचे दोन तुकडे पडले. आम्ही साहेबांचे समर्थक बदामाखाली, विरोधक कारंज्यापाशी. काल साहेब निवडून आले. आज सकाळी आम्ही नेहमीसारखे हात वर करून, जीभ बाहेर काढून हसू लागलो.

विरोधकांच्या देऊस्करबाई तरातरा आल्या. "आम्ही हरलो म्हणून वेडावून दाखवताय?"

"अहो बाई, सिंहहास्य आहे हे!" मी म्हणालो. "तुम्हीच तर शिकवलंत!"

"मग आता बघाच!"

त्या परत गेल्या आणि कारंज्यापाशी असा गडगडाट सुरू झाला, की आम्हालाही इरेला पेटून आवाज चढवावा लागला. पाच मिनिटांत दोन्हीकडचे घसे बसायची वेळ आली.

शेवटी माळी हातातला पाइप टाकून मध्ये येऊन उभा राहिला. "हे पण हसतायत, ते पण हसतायत. मग काल पडलं कोण?"

आधी बाईंनाच हसू फुटलं, आणि पाठोपाठ सगळ्या बागेला.

डोळे पुसत त्या बदामाखाली येऊन बसल्या. "साहेबांबद्दल माझं मत बदललेलं नाही हं! पण सात वर्षं शिकवतेय, तुम्हाला हसायला आज जमलं."